विचारलं असतं तर

“काकू, हे माझ्या डिकीत सापडलं,” असे म्हणत शेजारच्या मुलीने आज दहाच्या नाण्याहून जराशी मोठी पांढरी चकती माझ्या तळहातावर ठेवली. गाडीच्या कागदपत्रांमागे ती चिकटपट्टीने लावलेली होती आणि अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना तिच्या फोनने दिली होती.

ही चकती म्हणजे ॲपलचा एअरटॅग, वस्तू कुठे आहे हे मालकाच्या फोनवर दाखवणारा ट्रॅकर. ती तिच्या वडिलांनी ठेवली होती, निव्वळ काळजीपोटी. मुलगी त्यांना एवढेच म्हणाली, “बाबा, विचारलं असतंत तर मीच ठेवून घेतली असती.”

किल्ल्या, प्रवासातली बॅग यांसाठी ही वस्तू खरोखर उपयोगी आहे. एअरटॅगमध्ये जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून ठिकाण शोधण्याची सोय, नसते. आजूबाजूच्या आयफोनना त्याचा ब्लूटूथ संकेत मिळतो आणि ते मालकाला ठिकाण कळवतात. त्यामुळे बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत हरवलेली पिशवी सापडणे जितके सोपे, तितकेच तिथे एखाद्या मुलीच्या मागावर राहणेही सोपे, कारण पिशवी आणि माणूस यांतला फरक त्या चकतीला कळत नाही.

मे २०२४ पासून ॲपल आणि गूगल यांनी अनोळखी ट्रॅकरची ही सूचना आयफोन आणि अँड्रॉइड अशा दोन्ही फोनवर मिळण्याची सोय केली, हे फार चांगले झाले. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये असा ट्रॅकर जवळ आहे का, याचा आपणहून शोध घेण्याचीही सोय आहे. आपल्या लेकीसुनांना ती आजच दाखवा.

पण दांडिया बाजारात घरकामाला येणाऱ्या ज्या बाईकडे साधा बटणांचा फोन आहे, तिला ही सूचना कोण देणार?