शीटवर सगळीकडे ‘पास’

नवी सिस्टीम स्वीकारण्याआधी ती रोज वापरणाऱ्यांनीच तपासायची असते; त्या तपासणीचा (यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग) वर्ग मी घेत होतो. सकाळच्या सत्रात स्टोअर्स, खरेदी आणि अकाउंट्सच्या मंडळींनी हातात दिलेल्या टेस्ट स्क्रिप्ट, म्हणजे काय करायचं आणि काय दिसायला हवं याच्या याद्या, वेळेआधीच संपवल्या. शीटवर वरपासून खालपर्यंत ‘पास’. प्रोजेक्ट मॅनेजरची कळी खुलली. मला मात्र चिंता वाटत होती, कारण सरावाच्या त्या सिस्टीममध्ये मी मुद्दाम काही चुका पेरून ठेवल्या होत्या आणि त्यातली एकही कुणाच्या नजरेला आली नव्हती.

१,००० च्या बिलावर १० टक्के सवलत. स्क्रीनवर आकडा ८१०, कारण सवलत दोनदा वजा होत होती. हिशेबातला बारीकसा फरक सापडेपर्यंत जागेवरून न उठणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडमनीसुद्धा तिथे ‘पास’वर टिक केली होती. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, “अहो, स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, सेव्ह दाबा, ‘नोंद जतन झाली’ असं येईल. ते आलं की!”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. स्क्रिप्ट डेव्हलपरने लिहिलेली, म्हणजे त्याला जे सुचलं तेवढंच तपासणारी. ते तर सिस्टीम टेस्टिंगमध्ये, म्हणजे सिस्टीम बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या तपासणीत, आधीच झालेलं असतं. तेच पुन्हा करायला कामाच्या माणसांना टेबलावरून उठवून का आणायचं?

जेवणानंतर स्क्रिप्ट गोळा केल्या आणि सांगितलं, “अलीकडे ज्या कागदाने डोकं उठवलं असेल तो घेऊन या. पुरवठादाराचं नाव झाका, बाकी जसाच्या तसा इथे उतरवा.”

सकाळभर गप्प बसलेले स्टोअर्सचे एक गृहस्थ एक चलन घेऊन आले. ऑर्डर १०० नगांची, आले ६०, त्यातले ४ फुटके म्हणून नाकारले, आणि बिल मात्र पूर्ण १०० चं. त्यांनी सगळं भरलं. बिल नोंदवताच ऑर्डर ‘पूर्ण’ होऊन बंद झाली! ही चूक मी पेरलेली नव्हती.

त्यांनी डिफेक्ट, म्हणजे सापडलेल्या चुकीची नोंद, लिहिला : ‘चालत नाही, स्टॉक चुकतो.’ अशा ओळीवरून डेव्हलपरला काहीच करता येत नाही. म्हणून शेजारी बसून तीनच गोष्टी विचारल्या : काय भरलंत, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं? मग उतरलं ते असं : ‘ऑर्डर १००, आवक ६०, नाकारले ४. बिल १०० नोंदवल्यावर येणे बाकी ४४ दिसायला हवी, ० दिसते.’ सोबत स्क्रीनशॉट. इतका नेटका डिफेक्ट मुरलेले टेस्टरही दर वेळी लिहीत नाहीत.

डेव्हलपर लगेच म्हणाला, “हा डिफेक्ट नाही, चेंज रिक्वेस्ट आहे, नव्या बदलाची मागणी. बिल आणि ऑर्डर जुळली की ऑर्डर बंद, असंच डॉक्युमेंटमध्ये आहे.” खरंच तसं होतं. आवकही धरून ऑर्डर, आवक आणि बिल हे तिन्ही कागद जुळवायचे, हे लिहायचं राहूनच गेलेलं. (डिफेक्ट की चेंज हा वाद मुळात खर्च कुणाच्या माथी मारायचा याचा असतो, त्यामुळे तो वर्गात मिटत नाही.)

“असू दे डॉक्युमेंटमध्ये,” स्टोअर्सवाले शांतपणे म्हणाले, “ऑर्डर बंद झाल्यावर ४४ नग मी मागू कुणाकडे?”

डेव्हलपरकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी मात्र स्वतःची सकाळची शीट परत मागून घेतली आणि टिक केलेले ‘पास’ एकेक करून खोडायला लागल्या. प्रोजेक्ट मॅनेजरने साइन-ऑफची, म्हणजे सिस्टीम मान्य असल्याच्या सहीची, तारीख पुढे ढकलली. स्क्रिप्टमधला ‘अपेक्षित निकाल’ हा रकानाही त्याने डेव्हलपरकडून काढून स्टोअर्स आणि अकाउंट्सकडे भरायला दिला.