द्राक्ष ठरतं ते मे महिन्यात

२१ फेब्रुवारी, रात्र

"माल उतरायला लागलाय. यायचं तर आत्ताच ये, शिवरात्रीनंतर बागेत नुसती पानं दिसतील," असं मामा फोनवर म्हणाला आणि मी रजा टाकली.

संभाजीनगर ते जालना हा रस्ता लिहिण्यासारखा नाही. कारखाने, ढाबे, आणि या दिवसांत कडेला क्रेट मांडून बसलेले द्राक्षवाले. जालना म्हणजे आता बियाणं आणि लोखंडी सळई. 'सोन्याचा पाळणा' म्हणायचे ते दिवस वेगळे. शहर मागं टाकून सिंदखेडराजाच्या बाजूला निघालं की जमीन वरखाली व्हायला लागते. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे इथपर्यंत उतरत आलेत. सह्याद्री बघितलेला माणूस यांना डोंगर म्हणणार नाही. माथ्यावर मुरूम, वाळून पिवळं पडलेलं गवत, मधेच एखादं बाभळीचं झाड. पण दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट शिवारात नजर गेली की बागाच बागा, आणि दर दोन-चार बागांमागं एक शेततळं. कडवंची, नंदापूर, धारकल्याण हा सगळा पट्टा असाच आहे. मामाची बाग याच पट्ट्यात.

लहानपणी सुट्टीत इथं यायचे तेव्हा द्राक्ष कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ज्वारी, कापूस, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी. १९९६ साली कडवंचीत पाणलोटाचं काम सुरू झालं, इंडो-जर्मन कार्यक्रमातून. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र त्यामागं होतं, आणि विजयअण्णा बोराडे यांचं नाव इथं आजही कुठल्याही बांधावर निघतं. काम माथ्यापासून पायथ्याकडं झालं: आधी टेकडीवर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका उंचीवर खणलेले चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाल्यावरचे बंधारे. लोकांना मात्र आधी बंधारा हवा होता, कारण बंधाऱ्यात पाणी दिसतं. चरात काय दिसतं? त्यात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. माथ्यावर शेळ्या नेणाऱ्या घरांनी किती शिव्या घातल्या असतील, ते मामी अजून नक्कल करून सांगते. या गोष्टीचं कौतुक करणारे शेळीवाल्यांबद्दल फारसं बोलत नाहीत, म्हणून मी इथं लिहून ठेवतेय.

पोहोचले तेव्हा ऊन उतरत होतं आणि मामा ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, बघत होता. मण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर, झाकण दाबायचं आणि नळी उजेडाकडं धरून डोळा लावायचा. आत निळी-पांढरी रेघ जिथं मिळते तो आकडा. उन्हातल्या घडाचा वेगळा, पानाआडच्या घडाचा वेगळा. "साडेअठरा. इथं सतरा. हितं अठरा." मामी मागून आली, एका घडाच्या टोकाचा अगदी खालचा मणी तोडला आणि तोंडात टाकला. घड वरून पिकत खाली येतो, त्यामुळं वरचे मणी आधी गोड होतात. "वरचा मनी समद्यांचाच गोड असतोय," ती म्हणाली आणि बिया नसलेल्या द्राक्षाचं सालपट थुंकून घरात गेली. तिचा कौल झाला होता: उद्या खुडायला हरकत नाही.

बागेचं पाणी आठवडाभर आधीच कमी केलंय. शेवटी पाणी दिलं की मणी फुगतो, वजन वाढतं, पण गोडी पातळ होते आणि पेटीत माल टिकत नाही. कितीजण हा मोह आवरतात, ते बाजारातली द्राक्षं खाऊन कळतंच.

२२ फेब्रुवारी, दुपार

पहाटे उठून बसले आणि आठ वाजेपर्यंत काही झालं नाही. दव. ओला घड पेटीत गेला की कुजतो, म्हणून ऊन वर येऊन मणी कोरडे होईपर्यंत थांबायचं. आणि ऊन फार चढलं की मणी गरम, तोही माल टिकत नाही. मधले तीन-चार तास तेवढे खुडणीचे.

गावातल्या बायका खुडायला, आणि व्यापाऱ्यासोबत आलेली बिहारची पोरं पॅकिंगला. मलाही एक कात्री मिळाली, आखूड पात्याची आणि टोक बोथट असलेली, म्हणजे शेजारच्या मण्याला टोचत नाही. माझ्या ओळीत एक आजी होत्या. त्यांनी पहिल्याच घडाला माझा हात धरला. "बाई, देठाला धरा. मन्याला हात लावला की पावडर जाती." मण्यावर जी पांढुरकी झाक असते ती फवारणीची असते असं शहरात पुष्कळांना वाटतं आणि ते घासूनपुसून काढतात. फवारणीचा डागही राहतो कधी, तो ठिपक्यांचा आणि ओघळाचा दिसतो. ही झाक मात्र वेलीचं स्वतःचं मेण आहे. बोट लागलं की तेवढा मणी चकचकीत होतो आणि बाजारात तो शिळा म्हणून ओळखला जातो. धुऊन खावं हे बरोबरच, पण विकत घेताना ती झाक शोधावी.

मामाची जुनी बाग मांडवावरची. डोक्यावर तारांची जाळी, तिच्यावर वेल आणि खाली लोंबणारे घड. उंच माणसाची मान दुखून येते. बायकांना मात्र ही उंची बरोबर बसते. मांडवाखाली गारवा असतो. आजी म्हणाल्या, "कापसात उन्हात मरायचं आन् वजनावर पैशे. हितं सावलीत रोजावर." मग त्यांच्या नातीच्या सोयरिकीचा विषय निघाला आणि दोन ओळी संपेपर्यंत तोच चालला. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, शेती नाही. शेती नाही हे गुणांच्या यादीत सांगितलं गेलं.

पक्ष्यांसाठी मामाने कॅसेटमधली जुनी टेप बांधून ठेवलीय. वारा आला की ती गुणगुणते. साळुंक्यांना आता तिची सवय झाली आहे.

भरलेला क्रेट बागेच्या तोंडाशी झाडाखाली जातो. तिथं पोरं घड हातात फिरवून फुटका, सडका, बारका मणी बोथट कात्रीने काढतात आणि देठ वर करून पेटीत रचतात. गळालेले मणी वेगळ्या टोपलीत. ते उघड्यावर स्वस्तात विकले जातात. बेदाण्याला द्यायचे तर निवडक घड लागतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि त्याची शेड इथं जवळ नाही.

अर्धी बाग उतरल्यावर व्यापाऱ्याने पेटीतला एक घड उचलला, बोटांमध्ये मणी धरून बघितला आणि "साइज थोडी कमी पडते" म्हणाला. ठरलेल्या भावातून किलोमागं पाच रुपये खाली. मणी काल रात्रीतून लहान झाला नव्हता. पण घड देठावरून सुटलेले, गाडी उभी, बायकांचा रोज चालू, आणि पश्चिमेला पातळसे ढग. मामाने काही वाद घातला नाही. तीन रुपयांवर तुटलं. मला राग आला. मामाला नाही आला, किंवा त्याने दाखवला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा त्याची बाग तयार मालासकट झोडपली गेली होती. उभा घड आणि आकाश यांच्यात जास्त दिवस ठेवायचे नाहीत, हे त्याचं तेव्हापासूनचं गणित आहे, आणि व्यापाऱ्यालाही ते पाठ आहे.

२२ फेब्रुवारी, रात्र

जेवण झाल्यावर मामा शेततळ्यावर घेऊन गेला. मला वाटलं दाखवायला. त्याला पातळी बघायची होती. तळ्याच्या प्लास्टिकवर पाण्याची रेघ कुठं आहे ते तो दगडाच्या खुणेवरून बघतो. तोडणीच्या दिवशी, घरात पैसा यायच्या दिवशी, हा माणूस पाणी मोजतोय.

मग त्याने जे सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं, एकत्र कधी जोडलं नव्हतं.

द्राक्ष मूळचं थंडीच्या देशातलं. तिकडं हिवाळ्यात पानं झडून वेल झोपतो आणि वसंतात उठतो. आपल्याकडं त्याला झोपच नाही. म्हणून माणसाने कात्रीने त्याचं वर्ष पाडायचं. माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळ्या काड्या एखादा डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, ठेवून कापून टाकायच्या. ऐन उन्हात नवी फूट निघते, आणि तिच्या डोळ्यांमध्ये छाटणीनंतरच्या महिना-दोन महिन्यांत सूक्ष्म घड तयार होतो. दिसत काहीच नाही. डोळ्यात घड धरलाय की नुसती पानं, ते काडी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यातून तो घड बाहेर पडतो, आणि साधारण चार महिन्यांनी माझ्या हातात कात्री येते.

म्हणजे आज मी देठाला धरून जो घड खुडला, तो गेल्या मे-जूनमध्येच ठरला होता. आणि मे महिना म्हणजे जालना जिल्ह्यात काय, हे वेगळं सांगायला नको. इथं पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावून सरपण केलं. या पट्ट्यातली द्राक्षं त्या वर्षी टिकली ती शेततळ्यांवर. वेलीला पाणी तसं फार लागत नाही, ठिबकवर भागतं, पण एप्रिल-मेमध्ये ते लागतंच. तेव्हा ताण बसला तर पुढच्या फेब्रुवारीत काडीवर पानं असतात आणि घड नसतात. पावसाळ्यात विहिरीत उतरलेलं पाणी उपसून तळ्यात साठवायचं ते या दोन महिन्यांसाठी. "गोडी छाटणीला समदे येतात बघायला, खरडीला कोन येत नाही," मामा म्हणाला.

परत येताना मला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आठवला. चौदाव्या शतकात तो दौलताबादला आला होता, आणि तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं त्याने नोंदवलंय. आमच्या घरापासून ते डोंगर अर्ध्या तासावर आहेत. दोनदा फळणं हे त्याला नवल वाटलं, साहजिक आहे. त्याने बघितलेल्या देशांत वेल झोपायचा. इथला न झोपणारा वेल दोन्ही वेळा घड देत होता. आताचा शेतकरी दोनदा कापतो आणि एकदाच घेतो. उन्हाळ्यातली फूट तो फळासाठी ठेवतच नाही, पुढच्या काडीसाठी ठेवतो. सहा-सातशे वर्षांत आपण एक पीक सोडून दिलं आणि त्या बदल्यात तारीख ताब्यात घेतली. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो, पण तो पूर्णपणे एप्रिलमधल्या पाण्यावर उभा आहे.

वेलही एकसंध नाही. मुळं डॉगरिजची, म्हणजे अमेरिकेतला रानटी खुंट, क्षाराला आणि ताणाला दणकट. त्यावर कलम थॉम्पसनचं. कॅलिफोर्नियातल्या कुणा विल्यम थॉम्पसनने ते तिकडं वाढवलं म्हणून त्याचं नाव चिकटलं, वाण मुळात त्याच्याही आधीचा. पलीकडच्या तुकड्यात सोनाका आहे, तो मात्र आपल्या शेजारचा: सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांच्या बागेत निवडलेला. लांब मणी, रंग सोनेरी. मामी फक्त सोनाका खाते. थॉम्पसन विकायचा असतो म्हणते.

२३ फेब्रुवारी

सकाळी वजनकाट्याची पावती आली. रक्कम निम्मी आता, निम्मी पंधरा दिवसांनी. ही निम्मी कधी पंधरा दिवसांत येते, कधी पावसाळ्यात. मामाने पावती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. तिथं मागच्या हंगामाचीही एक आहे.

चहाला वाद निघाला. मामीचं म्हणणं, मांडवाची जुनी बाग या एप्रिलमध्ये खरडायचीच नाही, मुळासकट काढायची. खोडं म्हातारी झालीत, औषधाचा खर्च तोच आणि घड कमी. तळ्यातलं पाणी दोन्ही बागांना पुरवण्यापेक्षा सोनाक्याला पोटभर द्यावं. मामाचं म्हणणं, मांडवाला घातलेलं लोखंड आणि तार अजून दहा वर्षं टिकेल, नुसता वेल बदलू. नवा खुंट लावून कलम बांधून फळ यायला दोन-अडीच वर्षं, मामी म्हणाली, तोवर व्याज कोण भरणार? "आन् प्लास्टिक? तळ्याचं प्लास्टिक बदलायला आलंय ते?" यावर मामाकडं उत्तर नव्हतं, म्हणून तो मला म्हणाला, "तू बँकेत हायेस, तू सांग."

मी मामीच्या बाजूने बोलले. कालची पातळी मीही बघितली होती. दगडाची खूण पाण्याच्या बरीच वर होती, आणि अजून मार्चही लागला नाही. दोन बागांना अर्धं अर्धं पाणी देऊन पुढच्या वर्षी दोन्हीकडं पानं मोजण्यापेक्षा एक बाग नीट धरावी. मामाने ऐकून घेतलं. मग छाटणीच्या टोळीला फोन लावला, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बागांसाठी माणसं सांगून ठेवली.

मामी माझ्याकडं बघून हसली. मला डब्यात सोनाक्याचे घड देताना म्हणाली, "अजून महिना आहे. फोन काय, परत बी लावता येतोय."