दोन ३०९० एका मशीनमध्ये बसवताना

घरच्या घरी मोठी लँग्वेज मॉडेल्स चालवायची होती. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटवर आणलं (म्हणजे त्यातले आकडे कमी अचूक ठेवून दाबलं) तरी साधारण ४० जीबी मेमरी खातं, म्हणून २४ जीबी मेमरीवाली आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं दोन घ्यायची हे पक्कंच होतं. कार्डांचं लगेच ठरलं, डोकं खाल्लं ते मदरबोर्डनं. लांब स्लॉट तीन दिसतात हो, पण साध्या डेस्कटॉप प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी १६च लेन (कार्डाशी डेटाची ने-आण करायच्या पीसीआय एक्स्प्रेस वाटा) असतात आणि दुसरा स्लॉट बऱ्याचदा चिपसेटवरून (बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून) ४ लेनवर चालतो. मॅन्युअलमधला लेनचा तक्ता बघितल्याशिवाय बोर्ड घेऊच नका. मी ८-८ लेन वाटून देणारा शोधला. एएमडीचा थ्रेडरिपर प्रोसेसर घेतला असता तर लेनच लेन, पण नुसतं मॉडेल चालवायला तेवढं लागत नाही, मॉडेलचे लेअर (थर) दोन कार्डांत वाटले की मधून जाणारा डेटा अगदीच थोडा असतो. ट्रेनिंग करणार असाल तर मात्र वेगळी गोष्ट.

मग जाडीचा प्रश्न. कार्डं तीन-तीन स्लॉटची, खेटून बसवली तर वरच्याला हवाच मिळत नाही, आणि ३०९० ची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला असते, ती जाम तापते. म्हणून दुसरं कार्ड रायझर केबल (स्लॉट लांबवणारी केबल) लावून पुढे फॅनसमोर उभं केलं. केबल जेन ३ ची, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीची, त्यामुळे बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) स्लॉट ऑटोवर होता तोवर ते कार्ड दिसेचना, हाताने जेन ३ केल्यावर दिसलं. तिथेच अबव्ह ४जी डिकोडिंग (मोठ्या मेमरीच्या कार्डांना पत्त्यांची जागा देणारं सेटिंग) पण चालू करून टाका.

आता पॉवर. कागदावर एक कार्ड ३५० वॉट, पण क्षणभरासाठी ते त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. मित्राचा १००० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून बघितला, दोन्ही कार्डांवर लोड आला की मशीन फट्कन बंद! शेवटी १६०० चा घेतला, आणि कार्डांच्या प्रत्येक ८ पिन पॉवर सॉकेटला वेगळी केबल, एकाच केबलची दोन टोकं वापरली नाहीत. वर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडमधून दोन्ही कार्डं २५० वॉटवर बांधून टाकली. स्पीड नावालाच कमी झाला, कारण टेक्स्ट तयार करताना अडतं ते मेमरीच्या वेगापाशी.

उत्तरं मी वाचतो त्याच्यापेक्षा भरभर येतात, तेवढं मला पुरे. तिसरं कार्ड घालायची खाज आहेच म्हणा, एम.२ स्लॉटमधून (एसएसडी बसवतात त्या) अडॅप्टर लावून ४ लेन काढता येतात, पण ते ठेवू कुठे?