होम सर्व्हर डायरी ४: होल्ड मारला आणि विसरलो

या महिन्यात नवीन काही बसवलं नाही, नुसती अपडेटची घडी बसवली. जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स (तेरावर जायचंय, जाऊ), त्यावर पाय-होल (घरभराला साइटचे पत्ते शोधून देतं आणि जाहिराती अडवतं), फोटोंचा बॅकअप आणि बाहेरून सुरक्षित लॉगिन करून यायला एसएसएच. आधी अनअटेंडेड-अपग्रेड्सला (न विचारता अपडेट बसवणारा प्रोग्रॅम) सगळं मोकळं रान होतं, आता आपोआप फक्त सिक्युरिटीचे अपडेट, बाकीचे रविवारी चहा घेता घेता स्वतः यादी वाचून.

२०२४ चा मार्च आठवतोय ना, एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर (मुद्दाम ठेवलेलं चोरदार) निघालं होतं, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हा डेव्हलपर खोदत गेला आणि सापडलं. टेस्टिंग नि सिडवाल्यांची (डेबियनच्या नव्याकोऱ्या, अजून चाचणीतल्या शाखा) धावपळ, आणि आपण पक्क्या, जुन्या शाखेचे स्टेबलवाले ५.४.१ वर निवांत. लय भाव खाल्ला होता मी तेव्हा, जुनं ते सोनं वगैरे. मग १ जुलैला ओपनएसएसएचचं (एसएसएच चालवणारा प्रोग्रॅम) भोक जाहीर झालं, व्हर्जन ८.५ ते ९.७, आणि आपलं ९.२ बरोब्बर मधे! त्याहून जुनं ८.४ वालं डेबियन ११ मात्र सुटलं. डेबियनने व्हर्जन ९.२ च ठेवून फक्त तेवढा फिक्स आत घातला, शेपटीला डेब१२यू३ लागलं, म्हणून भोकं शोधणारा स्कॅनर नुसतं ९.२ बघून बोंबलला तर आधी शेपूट बघा.

आता माझा शहाणपणा. वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसवर आहे, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) नवं आलं की तो पुन्हा बिल्ड व्हावा लागतो, एकदा नव्या कर्नलवर बिल्डच होईना, वैतागून कर्नलच्या पॅकेजवर होल्ड मारला, म्हणजे त्याचे अपडेटच थांबवले, 'दोन दिवसांत काढू'. परवाच्या पहिल्याच रविवारी यादीत 'केप्ट बॅक' म्हणजे मागे ठेवलेल्यांखाली कर्नल दिसलं, होल्डची यादी दाखवणारी एपीटी-मार्क शोहोल्ड कमांड मारली तर तोच होल्ड, पाच महिन्यांचा! म्हणजे सिक्युरिटी ऑटोमॅटिक आहे म्हणून मी निर्धास्त, आणि कर्नलला इतके दिवस एक पॅच नाही.

होल्ड काढला, वायफाय गेलंच तर म्हणून लॅनची केबल खोचली, जुनं कर्नल ग्रबमध्ये (सुरू होतानाच्या मेनूत) होतंच. ड्रायव्हर या वेळी गपचूप बिल्ड झाला. रीबूट मात्र रात्री साडेबाराला, कारण पाय-होल दोन मिनिटं बंद पडलं तरी घरात 'नेट गेलं' म्हणून आरडाओरडा होतो.