चेंडू टेकणार कुठे?

बुधवार

दव पडलेली सकाळ मिळाली की मी ती गोल्फमधल्या चिपिंगसाठीच राखून ठेवते, म्हणजे ग्रीनच्या कडेवरून चेंडू थोडा उडवून पुढे होलकडे घरंगळू देण्याच्या फटक्यासाठी. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, अजून कुणाचं पाऊल पडलेलं नसतं, गवत कापायचं यंत्र फिरलेलं नसतं, आणि मारलेला प्रत्येक चेंडू आपली वाट स्वतःच आखून दाखवतो. हवेतून येऊन तो जिथे टेकतो तिथलं दव उडतं आणि गडद ठिपका उमटतो. त्यापुढे लहान लहान टप्प्यांच्या खुणा, मग सलग रेघ. ठिपक्यापर्यंतचं अंतर म्हणजे कॅरी, तिथून पुढची रेघ म्हणजे रोल. एरवी जे नजरेने अंदाजावं लागतं ते अशा सकाळी पावलांनी मोजता येतं.

आज मुद्दाम तीनच क्लब घेऊन गेले : पिचिंग वेज, नऊ नंबर आणि सात नंबर. नंबर जितका मोठा तितका चेंडू उंच जातो आणि कमी घरंगळतो; वेज त्याहूनही उंच. चिपिंगचा एक जुना आडाखा आहे, बाराचा नियम म्हणतात त्याला. बारातून क्लबचा नंबर वजा करायचा; चेंडू एक भाग हवेत गेला तर उरलेल्या आकड्याइतके भाग तो घरंगळतो. पिचिंग वेजला दहा धरायचं. म्हणजे पिचिंग वेजला एकास दोन, नऊ नंबरला एकास तीन, सात नंबरला एकास पाच. हे झालं सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनवर. ओल्या गवतावर चेंडू अडतो, त्यामुळे आज रोल सगळाच कमी येत होता, पण क्रम अगदी तसाच होता. सात नंबरचा ठिपका फ्रिंज, म्हणजे ग्रीनभोवतीची कड, ओलांडली की लगेच, आणि पुढे लांबलचक रेघ. पिचिंग वेजचा ठिपका बराच आत, रेघ आखूड. दोन्ही रेघा होलपाशी येऊन थांबलेल्या. थोडा वेळ मी नुसती उभी राहून ते बघत होते. एकाच जागी पोचायच्या इतक्या वेगळ्या दोन वाटा, आणि दोन्हींसाठी स्विंग जवळजवळ एकच.

शॉर्ट गेमबद्दल, म्हणजे ग्रीनजवळच्या फटक्यांबद्दल, माझं जे काही ठाम मत झालं आहे ते याच गोष्टीभोवती फिरतं. चिप मारायच्या आधी ठरवायचं असतं ते चेंडू कुठे टेकणार हे. मी चेंडूच्या मागे उभी राहते, ग्रीनचा उतार पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू नुसता घरंगळवायचा फटका, मारायचा असल्यासारखा वाचते, मग त्या वाटेवर रुमालाएवढी एक जागा निवडते, शक्यतो ग्रीनच्याच आत आणि शक्यतो सपाट. क्लब कुठला घ्यायचा हे त्यानंतर. बरेच जण याच्या नेमकं उलट करतात. बॅगेतून सवयीने सँड वेज, वाळूतून चेंडू उंच काढायचा क्लब, निघते आणि मग त्या एका क्लबने उंच, बुटका, लांब, आखूड असे सगळे शॉट जमवायचा प्रयत्न चालतो. जमतातही कधी कधी. पण त्यात दर वेळी हाताकडून नवी करामत मागितली जाते, आणि दडपण आलं की करामतच आधी दगा देते.

२००५ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेतला टायगर वुड्सचा सोळाव्या होलवरचा चिप ज्यांनी पाहिला आहे त्यांना शेवटचा क्षण आठवतो : चेंडू होलच्या काठावर थबकला आणि मग आत पडला. माझा जीव मात्र त्या शॉटच्या पहिल्या अर्ध्या भागात अडकलेला आहे. त्याने चेंडू होलच्या दिशेने मारलाच नाही. होलपासून चांगला लांब, उताराच्या वरच्या अंगाला एक जागा धरली, तिथे चेंडू टाकला आणि बाकीचं काम उतारावर सोपवलं. चेंडू जवळजवळ काटकोनात वळून खाली आला. काठावरून आत पडणं हा नशिबाचा भाग म्हणता येईल, जागेची निवड मात्र पूर्ण त्याची होती. त्या दिवशी ख्रिस डिमार्कोशी प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळापर्यंत, गाठ पडली आणि वुड्स जिंकला.

अशी निवड करायची सवय सरावात लागते, पण सराव तसा केला तर. चेंडूंची बादली ओतून एकाच जागेवरून एकाच होलकडे एकामागून एक चिप मारत राहिलं की दहाव्या चेंडूपर्यंत हात आपोआप जुळतो. छान वाटतं. कोर्सवर मात्र तो शॉट एकदाच मिळतो, तोही नव्या जागेवरून आणि नव्या लायवरून, म्हणजे चेंडू गवतात जसा बसला असेल तसा. म्हणून मी एकच चेंडू घेते. हाताने तो ग्रीनच्या कडेला टाकते, जिथे पडेल तिथून चिप मारते आणि मग पटर घेऊन होलमध्ये घालेपर्यंत खेळते. चिप आणि एक पट, दोन फटक्यांत काम झालं तर पुढची जागा. नाही झालं तरी पुढचीच जागा, त्याच ठिकाणाहून दुसरी संधी नाही. यात चेंडू फार मारून होत नाहीत. जो मारते तो मात्र विचार करून मारते, आणि उरलेला चार फुटांचा पट खरा वाटायला लागतो.

चिपच्या तंत्राबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाय जवळ, वजन थोडं पुढच्या पायावर, ग्रिप खाली धरलेली, हात चेंडूच्या किंचित पुढे. अंतर ठरतं ते क्लब किती मागे नेला त्यावर. घात होतो तो एकाच गोष्टीने : क्लब मोठा मागे नेऊन चेंडूपाशी हात आखडता घेतला की. मग लीडिंग एज, म्हणजे क्लबच्या तळाची पुढची धार, जमिनीत रुततं आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन बसतो, नाहीतर चेंडूच्या पोटावर बसतं आणि चेंडू ग्रीन पार करून पलीकडे जातो. क्लब थोडाच मागे न्यावा, पण पुढे जाताना त्याला मोकळं सोडावं. मला तरी याहून जास्त सूचना डोक्यात ठेवून चिप मारता येत नाही.

गुरुवार

संध्याकाळी भाचा बरोबर होता. तो रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ड्रायव्हर हा सगळ्यात लांब मारायचा क्लब घेऊन तासभर घालवतो, आणि मारतोही सुंदर. मी ग्रीनच्या कडेने माझा एक चेंडू घेऊन फिरत होते, तिथे येऊन म्हणाला, "आत्या, तू उगाच इथे वेळ घालवतेस. आकडे बघ ना. फरक लांबच्या शॉटनी पडतो."

आकडे त्याचे बरोबर आहेत. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या शॉट-शॉटची नोंद तपासून दाखवलं आहे की अव्वल खेळाडू आणि बाकीचे यांच्यातल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. स्ट्रोक्स गेन्ड, म्हणजे एखादा फटका सरासरीपेक्षा किती सरस पडला, ही मोजणी त्यांचीच. टूरने २०११ साली ती आधी पटिंगसाठी स्वीकारली. "ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पट पैशासाठी" हे पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेलं वाक्य त्यांनी बरंच हलवलं, आणि ते हलायला हवंच होतं.

मी त्याला म्हटलं, "अरे, हे सगळं मान्य. पण त्याच टूरवर ग्रीन इन रेग्युलेशनची, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत ग्रीन गाठण्याची, सरासरी किती? पासष्ट टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जगातले सगळ्यात चांगले खेळाडू अठरा होलमध्ये सहा वेळा ग्रीन चुकतात. तू किती वेळा चुकतोस?" तो गप्प बसला नाही, त्याच्या स्वभावात ते नाही. "म्हणून तर लांबचे शॉट सुधारायचे," म्हणाला.

यावर माझं उत्तर असं. कुठल्या फटक्याने फरक पडतो हा एक प्रश्न, आणि मला मिळणाऱ्या तासाभरात काय सुधारता येईल हा वेगळा. स्विंगचा वेग वाढवायला वय, ताकद, शरीराची लवचिकता हे सगळं लागतं. दोन फटक्यांत ग्रीनवर पोचवणारा ड्राइव्ह माझ्याकडून उद्यापरवात निघणार नाही. ग्रीनच्या बाहेरून तीन फटक्यांऐवजी दोन लागणं हे मात्र माझ्या आवाक्यात आहे. १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपची फायनल मी त्याला सांगितली : सॅम स्नीड चेंडू कितीतरी लांब मारायचा, पॉल रनियन चणीने लहान, टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यात, सारखा मागे. मॅच प्ले होती, म्हणजे एकूण फटके नाही, कोण किती होल जिंकलं ते मोजायचं. रनियन जिंकला आठ आणि सातने, म्हणजे सात होल उरलेली असताना आठने पुढे. सगळं वेजवर आणि पटरवर.

भाच्याने ऐकून घेतलं, माझ्या हातातला चेंडू घेतला आणि फ्रिंजवर टाकला. पहिला चिप होलपासून आठ फुटांवर थांबला. "चांगला आहे," म्हणाला. मी त्याला पट मारायला लावला. गेला नाही. आठ फुटांवरून टूरचे खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. तीन फुटांवरून ते क्वचितच चुकतात. म्हणजे चिप आठऐवजी तीन फुटांवर आणून ठेवला तर जवळपास अर्धा फटका तिथेच वाचतो, आणि कार्डावर तो चिपच्या नावाने कुठेच दिसत नाही. हे त्याला पटलं असं वाटलं, कारण पुढचा अर्धा तास तो हलला नाही.

रविवार

आज बंकर, म्हणजे कोर्सवरचा वाळूचा खड्डा. वाळूतला शॉट हा गोल्फमधला एकच असा शॉट, ज्यात क्लब चेंडूला लावायचाच नसतो. चेंडूच्या दोनेक इंच मागे क्लब वाळूत शिरतो, चेंडूखालून वाळूचा पातळ थर उचलला जातो आणि त्या वाळूबरोबर चेंडू बाहेर येतो. हे सगळं जमतं ते वेजच्या तळाला दिलेल्या बाउन्समुळे. तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली असते, म्हणून क्लब रुतत नाही, वाळूतून सरकत जातो. आजच्या सँड वेजचं श्रेय जीन सॅराझेनला देतात. निब्लिक या जुन्या क्लबच्या तळाला डाख देऊन त्याने तो जाड केला, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन त्याच क्लबने जिंकली. त्याआधी लोक पातळ धारेच्या क्लबने वाळूतून चेंडू काढत होते, हे मनात आलं की मला त्या खेळाडूंबद्दल फार आदर वाटतो.

सरावाच्या बंकरात मी क्लबच्या टोकाने वाळूवर लांब सरळ रेघ ओढते. चेंडू नाही, फक्त रेघ. रेघेवरून पुढे सरकत एकेक स्विंग करायचा आणि प्रत्येक वेळी क्लब रेघेवरच शिरला का ते बघायचं. मॅचमध्ये असं काही करता येत नाही. बंकरात चेंडूच्या लगेच पुढची किंवा मागची वाळू क्लबने शिवायची नाही, प्रॅक्टिस स्विंगमध्येही वाळूला लागायचं नाही. २०१९ ला नियम बरेच सैल झाले तरी हे कायम राहिलं. म्हणूनच सरावात ही रेघ मोलाची. आज मागे वळून पाहिलं तर सुरुवातीचे खड्डे रेघेच्या मागे, खोल, फावड्याने काढल्यासारखे. फेस, म्हणजे क्लबची चेंडूकडची बाजू, थोडा आणखी उघडला, गुडघे जरा वाकवले आणि वजन पुढच्या पायावरून हलू दिलं नाही, तर खड्डे उथळ झाले आणि रेघेवर आले. आवाजही बदलला. खोल शिरलेल्या क्लबचा धप्प असा आवाज येतो. नीट सरकलेल्याचा फस्स असा. डोळे मिटूनही कळेल.

स्पेनचा महान खेळाडू सेव्ह बालेस्टेरोस लहानपणी आपल्या पेद्रेन्या गावच्या किनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने सगळं शिकला. ज्या क्लबला लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरपेपणा, जवळजवळ नाहीच त्याने वाळूतून चेंडू उचलायचा, तर फेस किती उघडायचा, हात किती खाली न्यायचे, हे कुणी न सांगता शोधावं लागतं. मी तीन नंबर घेऊन बंकरात उतरत नाही, पण त्याच्याकडून एक गोष्ट उचलली आहे : महिन्यातून एखादी संध्याकाळ एकच क्लब. गेल्या वेळी आठ नंबर होता. आठ नंबरने उंच चिप मारून बघितला की लॉफ्ट कुठून येतो ते हाताला समजतं.

शेवटी पटिंग. होलभोवती तीन फुटांवर गोल करून टीच्या खुंट्या खोचल्या आणि गोल पूर्ण करत गेले. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, चेंडू ४२.६७. अडीच चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढी जागा. वरून उताराला येणारा पट त्या जागेतही उजवीकडच्या काठाने आत घ्यायचा की मधोमध, हे वेगावर ठरतं. मला हळू पट आवडतात, काठावरून आत ओघळणारे. भाचा जोरात मारतो, मागच्या कडेवर आपटून आत जातो चेंडू. दोन्ही बरोबर, फक्त त्याचा चुकला की चार फूट पुढे जातो.

एक निर्णय घेऊन टाकला. माझी पिचिंग वेज ४६ अंश लॉफ्टची आणि सँड वेज ५६ ची, मध्ये दहा अंशांची पोकळी. साठ-सत्तर यार्डांवरून प्रत्येक वेळी एकीचा अर्धा स्विंग नाहीतर दुसरीचा पूर्ण, आणि दोन्हींत मन पक्कं होत नाही. बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात, म्हणजे काहीतरी काढावं लागणार. लांब मारायचं पाच नंबरचं वूड काढतेय, त्या जागी ५२ अंशांची वेज. तिचे पाव, अर्धा आणि पाऊण स्विंग किती यार्ड जातात ते बुधवारी मोजायला घेते.