आजीची गाणी, जुना लॅपटॉप आणि टोरंट की सिंकथिंग

आमच्याकडे कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांची रेकॉर्डिंग्ज आहेत, आजीच्या आवाजातली, अहिराणीतली. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसते, सगळी भाऊबंदकी गावाला गोळा होते, रोट होतात आणि रात्री बायका गातात. आजी गेली त्याच्या नंतर आम्ही बसून हिशोब लावला तर काही फाइली माझ्याकडे जळगावला, काही दादाकडे पुण्याला, बऱ्याचशा ताईकडे सुरतला, आणि मेसेजवरून फिरवलेले व्हिडिओ तर इतके दाबले गेलेत की आजीचा चेहरा ओळखू येत नाही. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एका जागी आणायचं आणि ती जागा आपल्या घरातच असली पाहिजे.

ती जागा म्हणजे घरचा सर्व्हर, कायम चालू राहून फाइली सांभाळणारं मशीन. काही मोठं नाही, जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन ही फुकट लिनक्स सिस्टीम, आणि २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क. लॅपटॉपच का, तर लाईट गेली तरी बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्कला पण यूएसबीमधूनच करंट मिळतो, म्हणजे वेगळा यूपीएस नको. फक्त मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो तेव्हा वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मी खालच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत ठेवलाय.

आता सॉफ्टवेअर. माझ्या डोक्यात पहिल्यांदा टोरंटच आलं, कारण पीअर टू पीअर, म्हणजे एका मशीनवरून थेट दुसऱ्या मशीनवर, म्हटलं की तेच माहिती, २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बनवलेलं बिटटोरंट. फाइलचे तुकडे होतात, ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो तो दुसऱ्याला देतो, मधे कुणा कंपनीचा सर्व्हर लागत नाही. घरच्या सर्व्हरसाठी मी ट्रान्समिशन आणि क्यूबिटटोरंट हे टोरंट चालवणारे दोन्ही प्रोग्राम चालवून बघितले. ट्रान्समिशन एकदम हलकं, डीमन (मागे गुपचूप चालणारा भाग) टाकला की ब्राउझरमध्ये ९०९१ पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, उघडतं, जुन्या मशीनला त्रास नाही. क्यूबिटटोरंटची नॉक्स आवृत्ती पण बिनास्क्रीनची चालते आणि त्यात आरएसएस (नवीन आलेलं आपोआप उतरवणं), कॅटेगरी असं बरंच मिळतं, नव्या आवृत्तीत पहिला पासवर्ड लॉगमध्ये छापून येतो, तो शोधायचा आणि लगेच बदलायचा. डिल्यूज पण चांगलं आहे, पण मला दोघांनंतर त्याची गरज वाटली नाही. म्यूटोरंट मी घेतलंच नाही, जाहिराती आणि बंद सोर्स, म्हणजे आतला कोड कुणाला बघता येत नाही, घरातल्या मशीनवर मला ते नको होतं.

मी ट्रान्समिशन ठेवलं, गाण्यांचं टोरंट बनवलं, प्रायव्हेट केलं, दादाला आणि ताईला पाठवलं, छान उतरलं. मग चार दिवसांनी काकूंनी अजून तीन गाणी रेकॉर्ड करून दिली. आणि इथेच खरी गोष्ट कळली. टोरंट एकदा बनलं की बनलं, त्यातल्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याची बोटाच्या ठशासारखी खूण, आधीच लिहून ठेवलेला असतो, एक फाइल जरी वाढवली तरी नवीन टोरंट बनवा, परत सगळ्यांना पाठवा, परत सगळ्यांनी ॲड करा. ताई घरचं आणि दुकानाचं करून हे कधी करणार? टोरंट हे पूर्ण झालेल्या गोष्टीसाठी आहे, आमचा फोल्डर तर दर श्रावणात वाढणार.

म्हणून सिंकथिंग. २०१३ पासूनचं आहे, ओपन सोर्स, फोल्डर शेअर केला की त्यात जे पडेल ते सगळीकडे जातं. प्रत्येक डिव्हाइसला एक लांबलचक आयडी असतो, दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्य केल्याशिवाय जोडणी होत नाही, आणि वाटेत सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद. रेझिलिओ सिंक पण असंच काम करतं, पण ते बंद सोर्स आहे आणि आजीच्या आवाजासाठी मला असं काही पाहिजे होतं की बनवणारे उद्या दुसऱ्या कामाला लागले तरी कोड कुणीतरी चालवेल. अँड्रॉइडचंच बघा ना, तिथलं अधिकृत ॲप २०२४ च्या शेवटी बंद झालं, पण सिंकथिंग-फोर्क म्हणून दुसऱ्यांनी पुढे चालू ठेवलं, ताईच्या फोनमध्ये तेच आहे.

अडचणी आल्याच. माझं इंटरनेट सीजीनॅटच्या मागे आहे (कंपनी एकच पत्ता बऱ्याच घरांना वाटून देते), म्हणजे बाहेरून कुणी थेट माझ्या मशीनपर्यंत पोचत नाही, पोर्ट उघडून उपयोग नाही. सिंकथिंग तरी जोडतं, थेट नाही जमलं तर रिलेवरून, म्हणजे मधल्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवरून, रिलेवाल्याला आत काय ते दिसत नाही, पण वेग कमी. दादाकडे आणि माझ्याकडे आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू केल्यावर थेट जोडणी झाली, जोडणीचा प्रकार स्क्रीनवर लिहिलेला असतो तो बघत जा. आणि सिंकथिंगचं ८३८४ पोर्टवरचं कंट्रोल पेज घरातल्या नेटवर्कवर उघडणार असाल तर आधी पासवर्ड टाका, ते थेट इंटरनेटवर कधीच उघडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं हे, सिंक म्हणजे बॅकअप नाही. ताईच्या फोनमध्ये जागा भरली, भाच्याने फोल्डरच उडवला आणि पंधरा मिनिटांत तो पुण्यात पण गेला, जळगावात पण गेला. माझ्या छातीत धस्स झालं. मी सर्व्हरवर फाइल व्हर्जनिंग, म्हणजे उडालेल्या फाइलींची जुनी प्रत राखणं, चालू केलेलं होतं म्हणून सगळं त्याच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडलं. ते सुरुवातीलाच चालू करा, उद्यावर टाकू नका. आता ताईकडचा फोल्डर फक्त घेणारा केलाय, तिकडून डिलीट झालं तरी इकडे येत नाही, आणि महिन्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर कॉपी करून कपाटात ठेवतो.

ट्रान्समिशन काढलं नाही बरं का. डेबियन आणि लिबरऑफिसचं सीडिंग (आपल्याकडची फाइल दुसऱ्यांना देत राहणं) रात्री चालू असतं, अपलोडला लिमिट लावून, म्हणजे दिवसा घरच्यांचा व्हिडिओ कॉल अडकत नाही.

आणि ट्रान्समिशनचं खरं काम पुढे आहे. काकू आणि शेजारच्या मावशी आजीची गाणी ऐकून ऐकून शब्द लिहून काढतायत, ज्या बायका त्यात गातात त्यांना एकेकीला विचारणं चालू आहे की बाहेर दिलं तर चालेल का. ज्यांनी हो म्हटलं त्यांची गाणी आणि शब्द एकत्र करून, पूर्ण झालेला संच म्हणून मी टोरंट करणार आहे. धुळे, शिरपूर, नंदुरबार, सुरत, कुठेही तुमच्याकडे रात्रभर चालू राहणारं मशीन असेल तर सांगून ठेवा, सीडर लागणार आहेत.