चंद्र मावळल्यावर ओ-थ्री

आज शुक्ल अष्टमी, आणि व्हेइल नेब्युलाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या वायूच्या कड्याचे, फोटो घ्यायचेत. मध्यरात्रीपर्यंत चंद्र आहे, म्हणून आधी हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत येऊ देणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर, आणि ऑक्सिजनच्या निळसर-हिरव्या प्रकाशाचा ओ-थ्री फिल्टर चंद्र मावळल्यावरच. क्रम उलटा केला की व्हेइल नेब्युला निम्मा हातचा जातो. ओ-थ्रीची मुख्य रेषा 500.7 नॅनोमीटर तरंगलांबीला, चांदण्यात आकाश तिथे चांगलंच उजळतं, हायड्रोजन-अल्फाच्या 656.3 ला त्यामानाने कमी. 3 नॅनोमीटरचाच अरुंद पट्टा आत सोडणारा फिल्टरही ही कसर पूर्ण भरून काढत नाही.

हंस तारकासमूहातलं हे कडं सुमारे 3 अंश पसरलंय, म्हणजे सहा पूर्णचंद्र एका ओळीत. कॅमेऱ्याच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर 400 मिमी फोकल लांबीची दुर्बीण 3.4 × 2.2 अंश दाखवते, त्यात अख्खं कडं मावत नाही. त्यासाठी 250 मिमी हवी. तरी पूर्वेकडची कमान, एनजीसी 6992, 400 लाच घ्यावी. सगळी नक्षी तिथे आहे.

या कड्यात दिसणारे धागे खरे धागे नाहीतच. दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचा धक्का अजून बाहेर पसरतोय. त्याचा पातळ, सुरकुतलेला पडदा जिथे कडेवर दिसतो तिथे रेघ उमटते. फोटो पूर्ण मोठा करून पाहिला की काही ठिकाणी बाहेरच्या काठाला ओ-थ्रीचा निळसर-हिरवा केस आणि त्याच्या आत थोड्या अंतरावर लाल दिसतो. धक्क्यामागचा वायू थंड होत जातो तसा हायड्रोजन मागाहून उजळतो. हे अंतर म्हणजे रंग सरकल्याची चूक नव्हे, ते पुसू नये. नॉइज काढणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं की पहिला बळी याच केसाचा जातो.

फोकस फिल्टर बदलला की पुन्हा, आणि तापमान दोनेक अंश उतरलं की पुन्हा. फोकस जुळवायला दुर्बिणीपुढे लावायच्या बाहतिनोव्ह मास्कमुळे ताऱ्यावर दिसणारी मधली रेघ बरोबर मध्ये यायला हवी. "जवळजवळ मध्ये" असेल तर धागे जाड होतात. प्रत्येक फ्रेम 300 सेकंदांची, दर तीन फ्रेमनंतर डिदर, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवणं. डिदर टाळला तर स्टॅकिंगनंतर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र केल्यावर, पार्श्वभूमीवर तिरके ओरखडे उठतात आणि ते नेमके धाग्यांसारखेच दिसतात.

ओ-थ्रीला अल्फाच्या दुप्पट वेळ. आज जमेल तेवढा, उरलेला अमावास्येकडे.

पहाटे कॅमेरा काढायच्या आधी दोन्ही फिल्टरचे 30-30 फ्लॅट, म्हणजे धुळीचे ठिपके पुसायला एकसारख्या उजेडाचे फोटो. कॅमेरा जरा जरी फिरला तरी धुळीचे ठिपके जुळत नाहीत.